मांडवीची रेषा : सागरी सत्तास्पर्धा आणि डिचोली महाल

डिचोली तालुक्याला समुद्रकिनारा नाही. पश्चिमेस बार्देश, दक्षिणेस मांडवीपलीकडे तिसवाडीची बेटे व अंत्रुज महाल, पूर्वेस सत्तरी आणि उत्तरेस पेडणे व दोडामार्गाचा मुलूख, अशा चतुःसीमेत वसलेल्या या भूमीला निसर्गाने डोंगर, कुळागरे, खाजणे आणि नद्या दिल्या. समुद्र मात्र दिला नाही. भरतीच्या वेळी मांडवीतून आत चढणारे खारे पाणी एवढीच काय ती समुद्राची येथील ओळख. असे असूनही या महालाच्या इतिहासातील मोठमोठे निर्णय समुद्रावर झाले. कोणत्या देवाचे मंदिर कोणत्या तीरावर उभे राहील, कोणत्या कुटुंबाने घरदार सोडून नदी ओलांडावी, हे प्रश्नसुद्धा पुष्कळ अंशी दीव, होर्मुझ, मलाक्का आणि लिस्बन येथील घडामोडींनी ठरविले.

आरमारी सत्तेचा इतिहास सामान्यतः लढाया, जहाजे आणि सेनापती यांच्या नावांनी लिहिला जातो. गोमंतकात त्याला आणखी एक साधन उपलब्ध आहे, व ते म्हणजे स्थलांतरित देवस्थानांचा नकाशा. देवतांची मूळ स्थाने आणि त्यांची आजची स्थाने यांच्या मधोमध रेषा ओढीत गेल्यास ती बहुतेक ठिकाणी एखाद्या नदीच्या पात्रातून जाते. ही रेषा सोळाव्या शतकातील पोर्तुगीज आरमारी सामर्थ्याची भूमीवरील मर्यादा होय. ती कशी आखली गेली, दोन शतकांहून अधिक काळ का टिकली आणि अखेरीस कशी पुसली गेली, हे पाहिल्यावाचून डिचोलीचा इतिहास पुरता उलगडत नाही.

पश्चिमसमुद्राचे अधिपती

या कथेचा आरंभ पोर्तुगीजांपासून होत नाही. अकराव्या शतकात गोव्याच्या कदंबांनी आपली राजधानी चंद्रपूर, म्हणजे आजचे चांदोर, येथून जुवारीच्या काठावरील गोपकपट्टण येथे आणली. राजधानी समुद्राच्या जवळ नेण्याचा हा निर्णय केवळ सोयीचा नव्हता. अरबस्तान, गुजरात आणि मलबार यांच्याशी चालणारा व्यापार हाच राज्याच्या समृद्धीचा पाया होता, आणि त्या व्यापाराचे रक्षण करावयाचे तर राजसत्तेची दृष्टी बंदरावर असणे आवश्यक होते. कदंब राजे स्वतःस पश्चिमसमुद्राचे अधिपती म्हणवीत. त्यांच्या बिरुदांत दुसरेही एक नाव सातत्याने येते, ते श्री सप्तकोटेश्वराचे. या देवाच्या कृपाप्रसादाने आपणांस राज्य लाभले, अशी त्या घराण्याची श्रद्धा होती.

श्री सप्तकोटेश्वराचे मूळ मंदिर दिवाडी बेटावर होते. चौदाव्या शतकात बहामनी आक्रमणात ते उद्ध्वस्त झाले आणि त्याच शतकाच्या अखेरीस विजयनगरचा मंत्री माधव याने ते पुन्हा उभारले. समुद्रावर अधिराज्य करणाऱ्या राजघराण्याचे हे दैवत होते. पुढे दुसरी सागरी सत्ता आली, तेव्हा सर्वांत आधी ज्या बेटांवर तिने पाय रोवले त्यांतच हे मंदिर होते.

फिरंग्यांची सागरनीती

१४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोचला. त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत पोर्तुगीजांनी जे साधले, त्याचे रहस्य त्यांच्या संख्येत नव्हते. सैनिक थोडे, मायदेश हजारो मैल दूर, आणि लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघालेले गलबत सप्टेंबरच्या सुमारास गोव्यास पोचावयाचे. त्यांचे खरे बळ होते जहाजावर चढविलेल्या तोफेत. हिंदी महासागरातील व्यापारी तारवांपैकी अनेक काथ्याने शिवलेली असत. माल वाहून नेण्यास ती उत्तम, परंतु जड तोफांचा धक्का सोसण्यास असमर्थ. १५०९ साली दीवच्या समुद्रात फ्रांसिश्कु द आल्मैद याने इजिप्तचे मामलुक, गुजरात आणि कालिकत यांच्या संयुक्त आरमाराचा पराभव केला, तेव्हा या महासागरावर तोफेची सत्ता प्रस्थापित झाली.

या सत्तेचा उपयोग कसा करावयाचा, याविषयी पोर्तुगीजांतच दोन मते होती. पहिला विजरई आल्मैद याचे म्हणणे असे की, समुद्रावर जोवर आपले बळ आहे तोवर हिंदुस्थान आपला आहे. किल्ले फार बांधले तर मूठभर माणसे त्यांच्या रक्षणातच गुंतून पडतील. त्याच्यामागून आलेला अफोंसु द आल्बुकेर्क वेगळ्या विचाराचा होता. जहाजाला पाणी, लाकूड, दुरुस्ती आणि पावसाळ्यात आसरा हवा. म्हणून महासागराच्या दारांवर आपली ठाणी हवीत, असे त्याचे मत. त्या विचाराने त्याने १५१० साली गोवा, १५११ साली मलाक्का आणि १५१५ साली होर्मुझ हस्तगत केले. तांबड्या समुद्राच्या मुखाशी असलेले एडन मात्र १५१३ साली त्याच्या हाती लागले नाही. गोवा हे ठाणे निवडण्यास कारणेही सबळ होती. दोन नद्यांची मुखे, जहाजबांधणीची आयती सोय, दक्षिणेतील राज्यांना लागणाऱ्या अरबी घोड्यांचा व्यापार, आणि चोहोबाजूंनी पाण्याने वेढलेले बेट.

परंतु समुद्राची सत्ता कोठे थांबते, याचा धडाही आल्बुकेर्कला त्याच वर्षी मिळाला. होन्नावरच्या तिमोजाच्या साहाय्याने १५१० च्या प्रारंभी त्याने शहर घेतले. मे महिन्यात आदिलशाही सैन्याने ते परत जिंकले. जहाजांवर माघार घेतलेल्या आल्बुकेर्कला समुद्रात जाता येईना, कारण पावसाळा सुरू होऊन मांडवीचे मुख बंद झाले होते. ऑगस्टपर्यंत त्याचे आरमार नदीतच अडकून पडले. दोन्ही तीरांवर शत्रू, अन्नाची टंचाई, आणि खुल्या समुद्रावर अजिंक्य ठरलेली जहाजे नदीच्या पात्रात कैद्यासारखी. नोव्हेंबरच्या २५ तारखेस त्याने शहर पुन्हा घेतले, आणि ते पुढे साडेचारशे वर्षे पोर्तुगीजांकडेच राहिले.

यानंतर कार्ताझची पद्धत दृढ झाली. कार्ताझ म्हणजे समुद्रप्रवासाचा परवाना. पोर्तुगीजांकडून हा कागद घेतल्याखेरीज कोणत्याही तारवाने प्रवास करू नये, ठराविक बंदरात येऊन जकात भरावी, निषिद्ध माल नेऊ नये, असे त्याचे नियम होते. कागद नसेल तर जहाज व माल जप्त होई. हिंदुस्थानच्या राजांची सत्ता आजवर जमिनीवर मोजली जात असे. समुद्र कोणाचा, हा प्रश्नच त्यांना पडला नव्हता. विजापूरच्या आदिलशहाला, पुढे दिल्लीच्या मोगल बादशहालाही, आपल्या यात्रेकरूंच्या व व्यापाराच्या जहाजांसाठी हे कार्ताझ घ्यावे लागत. लक्षावधी सैन्य बाळगणाऱ्या राज्यकर्त्यांनी एका छोट्या राष्ट्राच्या परवान्यावर समुद्रप्रवास करावा, यापेक्षा आरमाराच्या अभावाची मोठी किंमत कोणती असू शकेल?

नदीची रेषा

१५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवालये पाडण्यास प्रारंभ झाला. १५४३ साली बार्देश व साष्टी हे प्रांत पोर्तुगीजांच्या ताब्यात आले आणि तेथेही हेच घडले. देव आणि भक्त निघाले ते नदी ओलांडून. कुठ्ठाळीचा श्री मंगेश, केळशीची श्री शांतादुर्गा, वेर्ण्याची श्री म्हाळसा ही दैवते अंत्रुजात गेली. तिसवाडीतील गोवाली-मौळा येथील श्री चामुंडेश्वरी पिळगावास आली. दिवाडीच्या श्री सप्तकोटेश्वराचे लिंग विहिरीच्या कामास लावण्यात आले होते, असे परंपरा सांगते. तेथून ते भाविकांनी काढून समोरच्या तीरावर, भतग्राम महालातील नार्वे येथे आणले. भतग्राम हे डिचोलीचे जुने नाव.

नार्वे आणि दिवाडी यांच्यामध्ये केवळ एक नदी आहे. फेरीबोटीला ती ओलांडण्यास काही मिनिटे लागतात. मग ज्यांनी होर्मुझपासून मलाक्कापर्यंत सत्ता गाजविली, त्यांना ही काही मिनिटांची वाट अडीच शतके का चालता आली नाही?

उत्तर त्यांच्या सत्तेच्या स्वरूपात आहे. जहाजाची तोफ किनाऱ्यापर्यंत आणि फार तर नदीच्या काठापर्यंत मारा करते. डोंगरात मुलूख राखावयाचा तर पायदळ, घोडदळ आणि महसुलाची व्यवस्था हवी, आणि तेवढी माणसे पोर्तुगीजांपाशी नव्हती. म्हणून त्यांनी नदीलाच तट केले. मांडवीच्या मुखाशी १५५१ साली रेइश मागुशचा आणि १६१२ साली आग्वादचा किल्ला उभा राहिला. आतील बाजूस बाणस्तारी, नार्वे अशा उतारांच्या ठिकाणी पहाऱ्याची ठाणी बसली. त्यांना ते ‘पासु’ म्हणत. पलीकडच्या आदिलशाहीची अडचण नेमकी उलटी होती. तिच्याकडे माणसे अपार, परंतु नदी अडवील असे आरमार नव्हते. १५७० साली अली आदिलशहाने गोव्याला वेढा घातला, तो सुमारे दहा महिने चालला. बेटांसमोरच्या काठावर त्याची प्रचंड छावणी पडली होती. पण विजरई लुईश द आताईद याला समुद्रमार्गे धान्य व कुमक मिळत राहिली, आणि अखेर १५७१ साली वेढा उठवून तह करावा लागला. अशा रीतीने समुद्राचा मालक नदीपलीकडे येऊ शकत नव्हता आणि भूमीचा मालक नदीअलीकडे जाऊ शकत नव्हता. या कोंडीच्या नेमक्या काठावर डिचोली महाल उभा होता. देवांना येथे आश्रय मिळाला, यात भक्तांच्या धैर्याचा वाटा मोठा आहेच. त्या आश्रयाला दोन सत्तांच्या समतोलाचे कुंपण लाभले होते, हेही तितकेच खरे.

वलंदेजांची नाकेबंदी

सतराव्या शतकात युरोपातील भांडणे मांडवीच्या मुखाशी येऊन ठेपली. १५८० पासून पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाकडे होता आणि स्पेनशी वलंदेजांचे, म्हणजे डच लोकांचे, वैर होते. त्यामुळे पोर्तुगीजांची पूर्वेकडील ठाणी वलंदेजांना शत्रूची ठाणी ठरली. १६३६ पासून १६४४ पर्यंत वलंदेजांचे आरमार पावसाळा सरला की गोव्याच्या समोर येऊन उभे राही. १६३७ साली त्यांनी आदिलशाही मुलुखातील वेंगुर्ल्यास वखार घातली. तेथून जहाजांना पाणी व धान्य मिळे. १६३९ साली त्यांनी मुरगावच्या बंदरात शिरून तीन मोठी पोर्तुगीज जहाजे जाळली.

ज्या युक्तीने आल्बुकेर्कने महासागराची दारे बंद केली होती, तीच युक्ती आता गोव्याच्या दारावर वापरली जात होती. होर्मुझ १६२२ सालीच इराणी व इंग्रज यांच्या संयुक्त हल्ल्यात गेले होते. मलाक्का १६४१, कोलंबो १६५६ आणि कोची १६६३ साली वलंदेजांनी घेतले. मुंबई १६६१ च्या विवाहकराराने इंग्रजांच्या राजाला देण्यात आली. साम्राज्याची साखळी तुटत गेली आणि गोवा ही तिची एकटी उरलेली कडी झाली.

शिवछत्रपतींचे आरमार आणि नार्व्याचे मंदिर

याच सुमारास सह्याद्रीच्या पायथ्याशी समुद्राचा प्रश्न प्रथमच एका हिंदी राजाने मुळापासून विचारात घेतला. १६५७ साली कल्याण-भिवंडी हाती येताच शिवाजी महाराजांनी तेथील खाडीत जहाजे बांधण्यास प्रारंभ केला. त्या कामी त्यांनी रुइ लैतांव व्हियेगश नावाचा पोर्तुगीज कारागीर नेमला होता. ही नौका आज सिद्दीसाठी बांधली जात असली तरी उद्या आपल्यावरही चालून येईल, हे ओळखून पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी १६५९ साली त्याला व त्याच्या माणसांना फितवून परत बोलाविले. तरीही काम थांबले नाही. १६६४ साली मालवणच्या बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. १६६५ च्या प्रारंभी महाराज पंच्याऐंशी गलबते व तीन मोठी जहाजे घेऊन बसरूरवर स्वतः समुद्रमार्गे गेले. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानले गेले, त्यामागे हाच अनुभव होता.

या आरमाराची नीती पोर्तुगीजांहून निराळी होती. गुराब आणि गलबत ही उथळ पाण्यात चालणारी, वल्ही व शिडे दोन्ही वापरणारी जहाजे. खोल समुद्रात मोठ्या फिरंगी जहाजासमोर ती टिकत ना; परंतु खाडीच्या मुखाशी, वारा पडलेला असताना, एका मोठ्या जहाजाला दहा गलबतांनी घेरले तर त्याचा निभाव लागणे कठीण होई. जोडीला जलदुर्गांची रांग. महासागर आपला म्हणण्याचा आग्रह महाराजांनी धरला नाही. किनारा आपला राहावा, एवढे त्यांचे लक्ष्य होते. त्याला मर्यादाही होत्या. जंजिरा अखेरपर्यंत हाती आला नाही, आणि मोठ्या तोफांसाठी परकीयांवर अवलंबून राहावे लागले.

नोव्हेंबर १६६७ मध्ये महाराजांनी बार्देशावर स्वारी केली आणि डिसेंबरात तह झाला. पुढील वर्षी गोवा शहरात गुप्तपणे माणसे घुसवून ते काबीज करण्याचा त्यांचा बेत होता व विजरईला त्याचा सुगावा लागला, असा उल्लेख इंग्रजांच्या तत्कालीन पत्रांत आहे. बेत फसला. त्याच वर्षी, शके १५९० कीलक संवत्सरी, कार्तिक वद्य पंचमीस, सोमवारी, म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८ रोजी, नार्वे येथे श्री सप्तकोटेश्वराच्या देवालयाचे काम शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सुरू झाले. मंदिराच्या दारावरील शिलालेख आजही त्याची साक्ष देतो.

या घटनेकडे केवळ धर्मश्रद्धेची खूण म्हणून पाहिले जाते. तिच्यात राजनीतीही आहे. नार्व्याचा काठ म्हणजे पोर्तुगीज पहाऱ्याच्या समोरचा काठ. कदंबांच्या, म्हणजे पश्चिमसमुद्राच्या जुन्या अधिपतींच्या, दैवताचे मंदिर नव्या आरमाराचा संस्थापक अगदी त्या काठावर बांधतो, तेव्हा दिवाडीवरील ठाण्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल. शहर घेता आले नाही, परंतु रेषा येथून पुढे सरकणार नाही, हे त्या पायाच्या दगडाने सांगितले.

डिचोलीतील उपाशी फौज

१६८३ साली ही रेषा दोन्ही बाजूंनी हादरली. विजरई कोंद द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. संभाजी महाराजांनी तो उधळून लावला. २४ नोव्हेंबरच्या रात्री मोजक्या मराठ्यांनी ओहोटी साधून नदी ओलांडली आणि गोवा शहरासमोरील जुवें बेटावरचा किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी चालून आलेला विजरई जेमतेम वाचून परतला. भयभीत होऊन त्याने आपला राजदंड संत फ्रांसिस झेवियरच्या शवपेटीपाशी ठेवल्याची हकिगत प्रसिद्धच आहे. पाठोपाठ साष्टी व बार्देश मराठ्यांनी व्यापले. नदीची रेषा ओलांडली गेली होती.

तेवढ्यात औरंगजेबाचा पुत्र शाह आलम याची प्रचंड फौज घाट उतरून कोकणात आली व मराठ्यांना मागे सरावे लागले. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर हा त्या काळात संभाजी महाराजांच्या आश्रयाने डिचोलीत राहिला होता. येथील नमाजगाहची उभारणी परंपरेने त्याच्याच नावाशी जोडली जाते. जानेवारी १६८४ मध्ये शाह आलम डिचोलीत शिरला आणि त्याने येथील वाडे व बागा उद्ध्वस्त केल्या. मात्र या विजयी फौजेचे पोट सुरतेहून समुद्रमार्गे येणाऱ्या धान्यावर अवलंबून होते. आग्वादच्या मुखातून मोगल जहाजे आत घ्यावीत की नाही, याविषयी पोर्तुगीज साशंक होते; वाटेत मराठ्यांचे आरमार टपलेले; जमिनीवरील मुलूख ओस पडलेला. उपासमार व रोगराई यांनी पोखरलेली ती फौज पुन्हा घाट चढू लागली, तेव्हा माणसे व जनावरे यांच्या प्रेतांनी वाट भरून गेली. हिंदुस्थानातील सर्वांत बलाढ्य भूसत्तेला डिचोलीच्या मातीत आरमाराच्या अभावी अशी माघार घ्यावी लागली.

स्वतःच्या हाताने जाळलेले आरमार

मराठ्यांच्या सागरी सामर्थ्याचा मध्यान्ह कान्होजी आंग्रे यांच्या काळी आला. पोर्तुगीज आणि इंग्रज यांनी समुद्रावर जे परवाने चालविले होते, त्यांच्यासमोर कान्होजींनी आपले दस्तक उभे केले. त्यांना चाचा ठरविणारे परकीय स्वतः दोन शतके हाच व्यवहार करीत आले होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १६२२ साली होर्मुझसाठी इंग्रजांनी पोर्तुगीजांशी युद्ध केले होते. १७२१ साली तेच दोघे आपले वैर विसरून कुलाब्यावर एकत्र चालून आले. बाजीराव पेशव्यांची कुमक वेळीच पोचली आणि हल्ला फसला. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, त्याच वेळी व्यंकटराव घोरपडे साष्टीत उतरले होते. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी लढण्याचे बळ गोव्याच्या विजरईत उरले नव्हते.

परंतु १७२९ साली कान्होजी निवर्तले आणि त्यांच्या मुलांत भाऊबंदकी माजली. घर दुभंगले, तसे आरमारही दुभंगले. तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचे वैर विकोपास गेले, आणि १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजीचे आरमार इंग्रजांनी जाळले, ते पेशव्यांशी संगनमत करून. नानासाहेब पेशव्यांना एका उद्धट सरदाराचा बंदोबस्त झाल्याचे समाधान मिळाले असेल. पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना अडवील अशी एकमेव शक्ती मात्र त्या आगीत नाहीशी झाली. जे आरमार उभे करण्यास शतक लागले, ते घरातील भांडणात एका दिवसात गेले. कोणत्याही जुन्या संस्थेच्या वारसांनी हे पान पुन्हा पुन्हा वाचावे.

रेषा पुसली गेली

डिचोलीवर तेव्हा सावंतवाडीच्या भोसल्यांचा अंमल होता. सावंतांचीही गलबते तेरेखोल, रेडी, वेंगुर्ले येथून समुद्रावर वावरत. १७०५ साली विजरई काएतानु द मेलु इ काश्त्रु याने खोर्जुवें बेट घेऊन तेथे किल्ला बांधला. १७४६ साली हळर्ण्याचा किल्ला, डिचोली, साखळी, तेरेखोल व रेडी ही ठाणी पोर्तुगीजांनी घेतली; हळर्ण्यावरूनच त्या विजरईला ‘मार्केश द आलोर्न’ हा किताब मिळाला. तेरेखोल व रेडी घेण्यामागे सावंतांच्या गलबतांचा समुद्रावरील मार्ग बंद करण्याचा हेतू उघड दिसतो. पुढे डिचोलीचा मुलूख पुन्हा भोसल्यांकडे गेला. अखेर १७८१ साली डिचोली आणि साखळी पोर्तुगीजांनी कायमची घेतली, आणि १७८८ साली पेडणे त्यांना मिळाले. कोल्हापूरकरांशी चाललेल्या झगड्यात खेम सावंतांना मदत हवी होती. तिची ती किंमत होती.

येथे इतिहासाचा एक चमत्कार दिसतो. पोर्तुगीज आरमार सर्वश्रेष्ठ होते, तेव्हा त्यांना दिवाडीहून नार्व्यास येता आले नाही. ते आले, तेव्हा त्यांचे समुद्रावरील वैभव लयास गेले होते. त्यांना वाट करून दिली ती येथील राजांच्या आपसांतील कलहाने. दुर्बल झालेली ही सत्ता सोळाव्या शतकातील सत्तेसारखी वागूही शकत नव्हती. नव्या काबिजादींतील देवालये व रीतिरिवाज यांना हात लावणार नाही, असे तिला मान्य करावे लागले. ज्या देवांना १५४० नंतर नदी ओलांडावी लागली, ते १७८१ नंतर त्याच राजवटीखाली आपापल्या जागी सुखरूप राहिले. पुढे १९३३ साली त्याच सरकारने देवस्थानांचा कायदा केला आणि महाजनांचे हक्क कागदावर आणले. मधल्या अडीच शतकांनी देवांना दिलेले हे संरक्षण होते, आणि त्याचा पाया त्या नदीच्या रेषेत होता.

शेवटचा अंक १९६१ च्या डिसेंबरात झाला. १८ तारखेच्या पहाटे पोर्तुगीजांनी डिचोली, शापोरा व अस्नोडा येथील पूल उडवून दिले. साडेचारशे वर्षांनंतर त्या सत्तेने पुन्हा नदीचाच आश्रय घेतला. दोडामार्गाच्या बाजूने उतरलेल्या भारतीय फौजा त्याच दिवशी संध्याकाळी मांडवीच्या उत्तर तीरावर बेतीस पोचल्या. तिकडे मुरगावच्या बंदरासमोर ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या भारतीय युद्धनौकांनी पोर्तुगीजांची युद्धनौका निकामी केली. ती किनाऱ्याच्या वाळूत रुतली. तिचे नाव ‘अफोंसु द आल्बुकेर्क’ होते. १६८२ साली पोर्तुगीजांनी ताब्यात घेतलेल्या अंजदीव बेटावर उतरताना भारतीय नौदलाच्या सात सैनिकांना वीरमरण आले. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. भूमी आणि समुद्र या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, एकाच सत्तेने केलेली ही पहिलीच मोहीम होती, आणि म्हणूनच जे आदिलशहाला दहा महिन्यांत साधले नाही ते दीड दिवसात साधले.

त्यानंतर मांडवीवरून तोफा गेल्या नाहीत. विसाव्या शतकात डिचोली-साखळीच्या खाणींचे लोहखनिज बार्जींत भरून याच नदीने मुरगावास आणि तेथून परदेशी गेले. नार्व्याच्या श्री सप्तकोटेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण होऊन २०२३ साली ते नव्याने भक्तांसाठी खुले झाले.

पोर्तुगीज-मराठे संबंधांचा हा इतिहास जुन्या दप्तरांतून उजेडात आणण्याचे मोठे कार्य डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी आयुष्यभर केले. त्यांनी वाचली ती सरकारी दप्तरे. महाजन कुटुंबांच्या पेट्यांतून असलेली दप्तरे अद्याप पुष्कळशी अवाचित आहेत. मूळ गावाचे नाव, देवासोबत कोणकोण आले, कोणत्या वाटेने आले, प्रथम कोठे उतरले, जमीन कोणी दिली, पालखीचा मान कोणाकडे व का, अशा नोंदी जुन्या वह्यांत, मोडी व पोर्तुगीज कागदांत आणि वृद्धांच्या स्मरणात आहेत. वाळवी आणि विस्मरण यांच्यापुढे त्या फार काळ टिकणार नाहीत. विजरईंची पत्रे लिस्बनमध्ये जपली गेली. नदी ओलांडणाऱ्यांच्या हकिगती जपण्याचे काम त्यांच्या वंशजांवाचून दुसरे कोणी करणार नाही. प्रत्येक देवस्थानाने आपल्या महाजनांच्या या नोंदी गोळा करून त्यांची एक प्रत देवालयात ठेवावी. देव नदीपार आणणाऱ्या पूर्वजांचे ऋण फेडण्याचा याहून साधा मार्ग नाही.